मांडणीची कला आणि तिचा स्वाध्याय

छापलेला किंवा रंगवलेला मजकूर डोळ्यांखालून न जाता आपला एकही दिवस सरत नाही. सकाळी दुधाची पिशवी, मग वर्तमानपत्र, विजेचे बिल, एसटी स्थानकावरील फलक, औषधाचे पाकीट, दारात येऊन पडलेली लग्नपत्रिका. ह्यांपैकी प्रत्येक वस्तूवर कोणते अक्षर मोठे, कोणते लहान, कोणती ओळ वर, कोणती खाली, मोकळी जागा कोठे आणि रंग कोठे, हे कोणीतरी ठरवलेले असते. ज्याने ते विचार करून ठरवले, त्याचा कागद आपण न अडखळता वाचतो आणि वाचून झाल्यावर त्याची मांडणी विसरूनही जातो. ज्याने तो विचारच केला नाही, त्याच्या पत्रिकेत मुहूर्ताची वेळ शोधण्यासाठी आजोबांना चष्मा पुसावा लागतो.

ह्या कामाला आपल्याकडे पूर्वी 'कमर्शियल आर्ट' म्हणत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत, जी १८५७ साली सुरू झाली, ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग १९३५ साली निघाला, आणि १९५८ साली त्या विभागाची वेगळी संस्था झाली. 'उपयोजित कला' हा शब्द त्या सुमारास रुळला. पुढे १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था आली, १९६९ साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र आले, आणि आता लहानथोर सारेच ह्या विद्येला ग्राफिक डिझाइन म्हणतात. आम्ही प्रस्तुत लेखात बहुधा 'मांडणी' हाच शब्द वापरू. तो घरातला आहे. रुखवताची मांडणी करणाऱ्या बाईला ह्या विद्येचे निम्मे मर्म ठाऊकच असते.

प्रश्न असा आहे की, ज्यांना ह्या संस्थांत जाता येत नाही त्यांनी काय करावे? तालुक्याच्या गावी छापखाना चालवणारा तरुण, शाळेतील चित्रकलेच्या बाई, फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर संगणकापुढे बसणारा मुलगा, मंडळाचा अहवाल दरवर्षी आपणच काढणारे चिटणीस, ही सर्व मंडळी रोज मांडणी करीतच असतात. शिक्षण मिळाले नाही म्हणून काम थांबत नाही, ते अंदाजाने होत राहते. आमचे म्हणणे असे की ही विद्या पुस्तके, हाताचा सराव आणि प्रयोग ह्या तिहींच्या आधारे घरी शिकता येते. मात्र ह्या तिहींपैकी एकाच्या भरवशावर राहिले की ती अर्धवट राहते.

आपल्याकडील मुद्रणाचा आरंभच मुळी अशा स्वाध्यायातून झालेला आहे. गणपत कृष्णाजी ह्यांना कोणी मुद्रणाचा अभ्यासक्रम शिकवला नव्हता. मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून त्यांनी स्वतःचे शिळायंत्र उभे केले, दगड आणि शाई ह्यांचे प्रयोग केले, आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढले. पुढे खिळेही त्यांनी स्वतःच पाडले. जावजी दादाजी चौधरी हेही त्याच मिशनच्या छापखान्यात लहान वयात चाकरीला लागून हाताने काम शिकले. १८६४ साली त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू ह्यांनी कोरलेल्या अक्षरांनी निर्णयसागरच्या ग्रंथांना जी शोभा आणली, ती आजही जुन्या वाचनालयाच्या कपाटात पाहावयास मिळते.

ह्यांच्या हाती ग्रंथ नव्हते, कारखाना होता. ग्रंथातून ही विद्या कशी वाहते हे पाहावयाचे तर इंग्लंडात जावे लागेल. एडवर्ड जॉन्स्टन हा एडिंबरोस वैद्यकी शिकत होता, ती त्याने सोडली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जुनी हस्तलिखिते समोर ठेवून, ती कोणत्या लेखणीने आणि लेखणी कशी धरून लिहिली असतील, हे तो स्वतः लिहून लिहून शोधू लागला. चपट्या टोकाच्या लेखणीचे विस्मरणात गेलेले तंत्र त्याने असे परत मिळवले. १८९९ सालापासून तो लंडनला हा विषय शिकवू लागला आणि १९०६ साली त्याने लेखन व अक्षरकलेवर आपले पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१६ साली त्याने रेखलेल्या साध्या, बिनफाट्यांच्या अक्षरांचा वंश त्या रेल्वेच्या पाट्यांवर आजही नांदतो आहे.

१९१० साली त्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर निघाले. लाइपझिग येथील एका पाटी रंगवणाऱ्याचा मुलगा, यान चिकोल्ड त्याचे नाव, चित्रकलेचा शिक्षक होण्याची तयारी करीत असता ते त्याच्या हाती पडले. त्यावरून तो अक्षरे गिरवू लागला. हाच मुलगा पुढे १९२८ साली 'नवी मुद्रणमांडणी' अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहून सर्व युरोपच्या छापखान्यांत खळबळ उडवून देतो, १९३३ साली नाझींच्या कैदेतून सुटून स्वित्झर्लंडला जातो, आणि १९४७ ते १९४९ ह्या काळात पेंग्विनच्या शेकडो पुस्तकांना नेटके रूप देतो. म्युझियममधील हस्तलिखित, त्यावरून एक पुस्तक, त्या पुस्तकावरून एक विद्यार्थी, आणि त्या विद्यार्थ्याच्या हातून स्वस्तातली सामान्य वाचकांची पुस्तके, असा हा प्रवास आहे.

ह्या कथेचा एक भाग मात्र पुस्तकप्रेमी लोक सांगावयाचे विसरतात. १९२८ च्या ग्रंथात चिकोल्डने ठासून सांगितले होते की नव्या युगाचे अक्षर बिनफाट्यांचेच असावे आणि पानाची मांडणी मध्यरेषेभोवती समतोल नसावी. उत्तर आयुष्यात त्याने हा हट्ट स्वतःच सोडला आणि पेंग्विनची कित्येक मुखपृष्ठे जुन्या पद्धतीने मध्यावर मांडली. ज्याने नियम लिहिले त्यानेच ते मोडले. तेव्हा आपण पुस्तके वाचावीत, पण त्यांचे पारायण करू नये.

मग पुस्तक वाचावे कसे? आमचा अनुभव असा की ह्या विषयाची पुस्तके आरामखुर्चीत बसून वाचली तर ती फार लवकर संपतात आणि हाती काही लागत नाही. ती टेबलावर, फूटपट्टी आणि शिसपेन्सिल घेऊन वाचावीत. जे पान वाचावयास सुखाचे वाटते त्याच्या चारही बाजूंचे समास मोजावेत. एका ओळीत किती अक्षरे बसली, पानावर किती ओळी, दोन ओळींत किती अंतर, हे टिपून तेवढ्याच मापाचे पान कोऱ्या कागदावर नुसत्या रेघांनी आखावे. वाचावयास त्रास देणारे दुसरे पान शेजारी आखावे. दहा-वीस पाने अशी आखली म्हणजे समास हा कागदाचा अपव्यय नसून अंगठा ठेवण्याची आणि डोळा वळवण्याची जागा आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. पानाची चौकट आखण्याच्या पद्धतीवर योझेफ म्यूलर-ब्रॉकमान ह्या स्विस मांडणीकाराचे १९८१ सालचे पुस्तक प्रसिद्ध आहे. ते ह्या आखणीनंतर वाचले तर कळते, आधी वाचले तर नुसते चौकोन दिसतात.

मराठीत ह्या विषयाची पुस्तके थोडी. नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरांना ज्यांनी स्वतंत्र चेहरा दिला त्या कमल शेडगे ह्यांचे 'माझी अक्षरगाथा' हे पुस्तक मिळाल्यास अवश्य पाहावे. नाटक गंभीर की विनोदी हे नावाच्या वळणावरूनच कसे सांगता येते, ह्याचा तो पाठच आहे. देवनागरी मुद्राक्षरांचा सर्वांत मोठा अभ्यास बापूराव नाईक ह्यांचा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तो १९७१ साली तीन खंडांत काढला, पण तो इंग्रजीत आहे. म्हणजे मराठी अक्षराविषयी सविस्तर वाचावयाचे तरी इंग्रजीच्याच दाराने जावे लागते.

आणि येथेच घरी शिकणाऱ्याला पहिली खरी ठेच लागते. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तके रोमन अक्षरासाठी लिहिलेली आहेत. त्यांतील नियम खोटे नाहीत, पण ते दुसऱ्याच्या अंगाला मापून शिवलेले आहेत. चिकोल्डने पेंग्विनच्या जुळाऱ्यांसाठी चार पानांची एक नियमावली केली होती. तीत असा दंडक आहे की रोमन मोठ्या अक्षरांत शब्द जुळवताना दोन अक्षरांमध्ये थोडे अंतर सोडावे. रोमनच्या बाबतीत हे अगदी योग्य आहे. आता हाच नियम देवनागरी शब्दाला लावून पाहा. शिरोरेषा ही शब्दाची दोरी आहे, ती तोडली की मणी सांडतात. तरीही दुकानांच्या पाट्यांवर आणि कार्यक्रमांच्या पत्रकांवर अक्षरे ताणून, शिरोरेषेचे तुकडे करून मांडलेली नावे आपण रोज पाहतो. मांडणाऱ्याने नियम वाचलेला असतो, किंवा वाचलेल्याचे काम पाहिलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. शिरोरेषा जाणूनबुजून गाळून काढलेली सुंदर शीर्षकेही आहेत. पण तेथे प्रत्येक अक्षर त्यासाठी पुन्हा रेखलेले असते.

दुसरी गोष्ट ओळींमधील अंतराची. रोमन लहान अक्षरांसाठी पुस्तके सांगतात की १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंटची ओळ पुरते. देवनागरीत 'मूर्तींतून' हा एकच शब्द घ्या. ह्यात वर वेलांटी आहे, रफार आहे, अनुस्वार आहे, आणि खाली दोनदा दीर्घ उकार आहे. वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील रफार ह्यांची टक्कर टाळावयाची तर आमच्या मते १० पॉइंटला १५ तरी हवेत, आणि वृद्ध वाचकांसाठी १६ केले तर ते दुवाच देतील. शिवाय वर-खाली एवढी जागा राखावी लागत असल्यामुळे देवनागरी अक्षराचा मधला, म्हणजे खरा वाचावयाचा भाग, आकड्याने सांगितलेल्या मापापेक्षा बराच लहान असतो. दोन्ही लिप्या एकाच कागदावर असतील तर माप आकड्याने जुळवू नये, डोळ्याने जुळवावे.

तिसरी गोष्ट जाडीची. चपट्या लेखणीने लिहिताना रोमन अक्षरात ठळकपणा ज्या तिरक्या दिशेने पडतो, त्याच्या उलट दिशेने तो देवनागरीत पडतो, कारण आपला बोरू वेगळा तासलेला असतो. रोमनसाठी कापलेल्या निबाने 'क' लिहिला तर तो चुकत नाही, पण परगावच्या माणसाने मराठी बोलावे तसा दिसतो. कित्येक जाहिरातींतील अक्षरे आपल्याला 'काहीतरी परकी' वाटतात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. आणखी एक, रोमनमध्ये एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा तर मोठी अक्षरे किंवा तिरपी अक्षरे हाताशी असतात. आपल्याकडे मोठी अक्षरे नाहीतच, आणि तिरपी अक्षरे ही उसनवारी आहे. आपल्याला भर द्यावयाचा तर जाडी, माप, जागा आणि रंग ह्या चारांवरच भागवले पाहिजे. आम्हाला ही उणीव वाटत नाही. साधने थोडी असली म्हणजे विचार अधिक करावा लागतो.

तेव्हा पुस्तकाने शिकवलेले देवनागरीत उतरवण्यासाठी हात चालवावा लागतो. बोरू मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास दोन शिसपेन्सिली रबराने एकत्र बांधाव्यात, दोन्ही टोके तिरक्या रेषेत राहतील अशा. ह्या जोडपेन्सिलीने लिहिले की अक्षराच्या दोन्ही कडा एकदम उमटतात आणि जाडी कोठे वाढते, कोठे मावळते, हे उघड दिसते. शाळेतील कित्त्याप्रमाणे क पासून ज्ञ पर्यंत जाऊ नये. कुटुंबे धरावीत. 'व' साधला की 'ब' आणि 'क' येतात. 'प' वरून 'ष' आणि 'फ' निघतात. 'ट', 'ठ', 'ढ', 'द' ही गोलाची भावंडे. रोज एकच कुटुंब अर्धा तास गिरवावे आणि गिरवताना काळ्या रेघेकडे न पाहता आतल्या पांढऱ्या पोटाकडे पाहावे. 'व' चे पोट आणि 'ब' चे पोट डोळ्यांना सारखे भरलेले दिसू लागले म्हणजे हात वळणावर आला असे समजावे.

गावात पाट्या रंगवणारा पेंटर अजून काम करीत असेल तर त्याच्याजवळ एक दुपार उभे राहावे. फ्लेक्स आल्यापासून ह्या लोकांचे काम फार घटले, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ न लिहिलेली विद्या जात आहे. पेंटर आधी खडू लावलेली दोरी ताणून रेघ उठवतो, मग खडूनेच सगळे नाव हलके मांडून घेतो, मागे सरतो, रस्त्यापलीकडून पाहतो, आणि मगच रंगाचा ब्रश उचलतो. हे 'मागे सरणे' संगणकापुढे बसणारा विसरतो. पडद्यावर हातभर अंतरावरून जे झकास दिसते, ते चौकात वीस फुटांवर टांगले जाणार आहे, ह्याचे त्याला भान राहत नाही.

प्रयोगांचे तसेच आहे. प्रयोग म्हटले की काहीतरी चमत्कारिक करून दाखवणे असा समज असतो. आम्हाला शाळेतील प्रयोगशाळेचा अर्थ अभिप्रेत आहे, म्हणजे एक गोष्ट बदलावयाची, बाकीच्या तशाच ठेवावयाच्या, आणि काय झाले ते वहीत लिहावयाचे.

सर्वांत सोपा प्रयोग अंतराचा. 'घर' आणि 'धर', 'भात' आणि 'मात', 'पाय' आणि 'पाप' असे जवळजवळ सारखे दिसणारे शब्द एकाच मापात, पण तीन वेगवेगळ्या जाडींत लिहून भिंतीवर लावावेत. एखाद्या मित्राला दुरून चालत येऊन वाचावयास सांगावे आणि कोणता शब्द कितव्या पावलावर कळला ते टिपावे. नवशिक्याची समजूत असते की जितके जाड तितके दुरून स्पष्ट. पण जाडी एका मर्यादेपलीकडे गेली की 'भ' ची गाठ भरून येते, 'घ' आणि 'ध' ह्यांतला भेद बुजतो, आणि मित्राला आणखी चार पावले पुढे यावे लागते. कोणत्या जाडीला हे घडते ते प्रत्येक अक्षरवळणाचे वेगळे. पुस्तक तो आकडा देऊ शकत नाही.

दुसरा प्रयोग कात्रीचा. एक लग्नपत्रिका घ्यावी. तिच्यातील मजकुरात वाचणाऱ्याला खरोखर लागणाऱ्या गोष्टी म्हणजे कोणाचे लग्न, केव्हा, कोठे, आणि बोलावतो कोण. बाकी सर्व देवदेवता, दिवंगतांची स्मरणे आणि चिल्ल्यापिल्ल्यांची निमंत्रणे ही शोभा आहे. शोभेला आमचा विरोध नाही, लग्न एकदाच होते. पत्रिकेची छायाप्रत काढून प्रत्येक ओळ कापून वेगळी करावी आणि कोऱ्या कागदावर दहा प्रकारे मांडून पाहावी. पहिल्या पाच मांडण्यांत अक्षराचे माप एकच ठेवावे, केवळ जागा बदलावी. पुढच्या पाचांत दोन मापांची मुभा घ्यावी. मग ती घरच्यांना दाखवावी. येथे एक सावधगिरी बाळगावी. 'कशी वाटते?' असे विचारू नये. आपले लोक भिडस्त, ते 'छान आहे' म्हणतात आणि प्रयोग तेथेच संपतो. 'लग्न किती वाजता आहे?' असे विचारावे आणि उत्तर यावयास किती सेकंद लागतात ते मोजावे. ज्या मांडणीत उत्तर तत्काळ आले ती ठेवावी. आम्ही पाहिले आहे की पुष्कळदा जिंकते ती मांडणी अक्षरे मोठी केलेली नसते, वेळेभोवती जागा मोकळी सोडलेली असते.

रंगासाठी योझेफ आल्बर्स ह्या शिक्षकाचा मार्ग धरावा. आधी जर्मनीत बाउहाउसमध्ये आणि पुढे अमेरिकेत त्याने जन्मभर रंग शिकवले, आणि १९६३ साली त्याचा रंगांच्या परस्परसंबंधांवरील ग्रंथ निघाला. विद्यार्थ्यांना तो रंग कालवावयास न लावता रंगीत कागदांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवावयास सांगे. आपल्याकडे शाळेच्या हस्तव्यवसायाला घोटीव कागद मिळतात, ते पुरेत. एकाच राखी कागदाचे दोन लहान चौकोन कापावेत, एक पिवळ्यावर ठेवावा, एक जांभळ्यावर. ते एकाच कागदाचे आहेत ह्यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. 'हा रंग चांगला आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे, तो कोणाच्या शेजारी बसणार हे आधी सांगावे लागते, हे ह्या चौकोनांनी पाच मिनिटांत पटते. शिवाय काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, तांबडा आणि हिरवा ह्यांतला भेद नीट दिसत नाही. म्हणून तयार कागदाचे मोबाइलवर काळेपांढरे छायाचित्र काढून पाहावे. त्यात मजकूर बुडाला तर त्या रंगसंगतीवर भिस्त ठेवू नये.

संगणकाविषयी थोडेच सांगतो, कारण त्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. तो पहिले दोन महिने दूर ठेवावा असे आमचे मत आहे. त्यानंतर मात्र त्याच्यासारखा सेवक नाही. इंकस्केप आणि स्क्रायबस ही साधने फुकट मिळतात. देवनागरीतही आता चांगली मुक्त अक्षरे आहेत. 'एक टाइप' ह्या मुंबईच्या मंडळींनी केलेली 'मुक्ता' आणि 'बलू' ही त्यांपैकी. विंडोजवर अनेक वर्षे आपण ज्या 'मंगल' अक्षरात वाचत आलो, ते र. कृ. जोशी ह्यांनी रेखलेले. जाहिरातीच्या धंद्यात उमेद घालवून मग पवईला शिकवण्यास आलेला हा माणूस अक्षरांशी आयुष्यभर प्रयोग करीत राहिला. संगणकावर काम करताना दोन गोष्टी तपासाव्यात. एक, मजकुराची भाषा मराठी आहे असे त्याला सांगितले आहे का? पुष्कळ अक्षरसंचांत 'ल' आणि 'श' ह्यांची हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात, आणि न सांगितल्यास हिंदी वळण येते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात मराठी वळणच मान्य केले आहे. दुसरी गोष्ट अर्ध्या 'र' ची. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास', 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांत अर्थाचा केवढा फरक आहे ते मराठी माणसाला सांगावयास नको. ज्या अक्षरसंचाला तो फरक लिहिता येत नाही, तो कितीही देखणा असला तरी मराठीसाठी घेऊ नये.

इतका सराव झाल्यावर खरे काम कोणते घ्यावे? वाढदिवसाचे फ्लेक्स आहेतच. आम्ही एक वेगळे काम सुचवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, आणि केवळ बाटलीवरच्या कागदाने ते टळले असते असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तो कागद एकदा हातात घेऊन पाहावा. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. १९७१ च्या नियमांप्रमाणे त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. आता ज्याला हे कोणी समजावून दिलेले नाही, अशा माणसाच्या दृष्टीने ही क्रमवारी तपासा. हिरव्याचा अर्थ तो 'निर्धोक' असाच लावणार, जेथे वस्तुतः हिरवाही थोडा विषारीच आहे. पिवळ्याला तो हळदीचा रंग समजेल. आणि निळ्यापेक्षा पिवळा अधिक घातक, हे अनुमान तो कशावरून करील? डब्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात अनेक भाषांतला मजकूर बारीक अक्षरांत दाटलेला असतो. घडी उलगडून आपली भाषा शोधण्यातच पहिला मिनिट जातो. ते पत्रक शेतात, ओल्या हातांनी, वाऱ्यात उलगडावयाचे आहे.

हा चौकोन कायद्याने ठरलेला आहे, तो आपल्याला बदलता येणार नाही. पण कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावावयाचा एक कागद करता येईल. त्यावर चारही रंग त्यांच्या क्रमाने, प्रत्येकापुढे दोन-तीन शब्द, आणि फवारणीपूर्वी व नंतर करावयाच्या चार-पाच गोष्टी, एवढेच असावे. मजकूर मात्र स्वतः रचू नये, कृषी अधिकाऱ्यांकडून घ्यावा आणि छापण्यापूर्वी त्यांना दाखवावा. ह्यात लेखात सांगितलेले सारे काही लागते. चार रंग शेजारी आले की हिरवा सर्वांत शांत दिसतो, मग 'हेही विषच' हे त्यावर कसे सांगावे? ओळी किती लांब असाव्यात, 'हातमोजे' आणि 'तोंडावर फडके' ह्यांत आधी काय यावे, वाचता न येणाऱ्यासाठी चित्र काढले तर त्यातल्या माणसाचे कपडे कोणाचे असावेत, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात, आणि कोणत्याही पुस्तकात त्यांची तयार उत्तरे नाहीत.

पहिला खर्डा काळ्या शाईत, हाताने करावा. तो दुकानात लावून बाजूला उभे राहावे आणि औषध घ्यावयास आलेल्या मजुराला, मालकाला नव्हे, विचारावे की ह्यांतले कोणते औषध मारल्यावर हात धुतल्याशिवाय तंबाखू मळली तर चालेल. 'हिरवे' असे उत्तर आले तर कागद काढून घरी आणावा आणि हिरव्यापुढची ओळ पुन्हा लिहावी. 'कोणतेच नाही' असे उत्तर तीन-चार जणांकडून सलग येईपर्यंत तो छापखान्यात देऊ नये.